दोन मिनिटं गाडी चालू ठेव

आमच्या गावच्या फाट्याला एक छोटी चढण आहे. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, त्या चढणीवर आलेली गाडी कुणाची हे मी आवाजावरून सांगायचे. एसटी वेगळी, दुधाचा टेम्पो वेगळा. आबांची गाडी तर फाट्याच्याही अलीकडून कळायची. इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक, सरळ शिट्टी तरंगत यायची. चढण लागली की ती थोडी वर जायची आणि माथ्यावर आली की विरून जायची. आई तेवढ्यात तवा चुलीवर ठेवायची.

ती शिट्टी टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गाडी २००६ सालची, सहा टायरी, टर्बो-इंटरकूलरवाली. मलकापूर-बांबवडे पट्ट्यातून खाली रत्नागिरीकडे पशुखाद्य नाहीतर साखर न्यायची आणि येताना जांभा चिरा आणायचा, हा आमचा धंदा. म्हणजे जाताना आंबा घाट उतरायचा आणि येताना भरल्या गाडीनं तोच घाट चढायचा. एकेक चिरा तीस-पस्तीस किलोचा, वळिवात भिजला तर आणखी जड. अशा तीनशे चिऱ्यांना साखरप्यापासून वर ओढून आणणारी गाडी आमच्या घराला वीस वर्षं पोसते आहे.

आबांची एक सवय होती. दारात गाडी लावली, हँडब्रेक ओढला, दिवे मालवले, तरी इंजिन बंद करायचे नाहीत. खाली उतरायचे, टॉमीचा लोखंडी दांडा काढायचे आणि सहाही टायर एकेक करून ठोकायचे. आवाजावरून हवा कळते. मग हातपाय धुवायचे, मग परत केबिनमध्ये चढून स्टॉपर ओढायचे. आम्ही पोरं दारात ताटकळत उभी, कारण खाऊची पिशवी केबिनमध्ये आणि इंजिन बंद झाल्याशिवाय केबिनमध्ये चढायची परवानगी नाही. ‘बंद करा की आबा,’ म्हणून मी ओरडायचे. ‘दमलीया ती, जरा दम खाऊ दे,’ एवढंच उत्तर यायचं.

तीन वर्षांपूर्वी आबांच्याच्यानं क्लच दाबवेना. गुडघे गेले. आबांबरोबर क्लीनर म्हणून सुरुवात केलेले काका आता गाडी चालवतात आणि हिशेबाची वही माझ्याकडे आली. मी वाणिज्य शाखेची, आकडे मला आवडतात. पहिल्या दोन महिन्यांत मी डिझेलचा हिशेब मांडला आणि माझ्या लक्षात आलं की गाडी दिवसातून पाच-सहा वेळा उगीच उभी राहून चालू असते. वजनकाट्यावर, खाणीत, चहाला, दारात. मी काकांना सांगितलं, ‘काका, थांबलात की लगेच बंद करायची. फुकट डिझेल जळतं.’ काका एकदा म्हणाले, ‘ताई, टर्बोची गाडी हाय.’ मी म्हटलं, ‘असू दे.’ ते पुढे काही बोलले नाहीत. मालकाच्या मुलीशी वाद घालायचा नाही, ही त्यांची जुनी रीत.

आता तो हिशेब सांगते. इतकं मोठं इंजिन नुसतं उभं चालू असेल तर तासाला दीड-दोन लिटर डिझेल घेतं. दिवसाकाठी वीस मिनिटं धरली तर अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे मी रोजचे पन्नास-साठ रुपये वाचवत होते. वहीत ते वाचल्याचं दिसायचं आणि मला बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी खालच्या एका ठेकेदाराचं बिल अडकलं. ऑइल बदलायची वेळ आली होती, ती मी दोन फेऱ्या पुढं ढकलली, मग आणखी दोन. वहीत मधूनमधून नोंदी आहेत: ऑइल वरून टाकलं, १ लिटर. पंधरा दिवसांनी पुन्हा १ लिटर. मग आठच दिवसांनी २ लिटर. माझ्याच अक्षरात आहेत त्या. खर्चाच्या रकान्यात मी त्या लिहिल्या, बेरीज केली आणि पान उलटलं.

मे महिन्याचा शेवट होता. पावसाच्या तोंडावर चिरेखाणी बंद होतात, त्यामुळे ज्याला त्याला आधी माल हवा असतो. रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. आवाज तुटत होता. ‘ताई, घाटात उभी हाय. शिट्टीचा भोंगा झाला, मग खर्रर्र करून आवाज बसला. मागं निळा धूर. ओढायचंच बंद झाली.’

आबा ऐकेनात, तेही पिकअपमध्ये बसले. वळीव नुकताच पडून गेला होता आणि घाटात धुकं उतरलं होतं. घाटातल्या वरच्या एका वळणावर गाडी उभी, चाकांना दगड लावलेले, मागे झाडाची फांदी टाकलेली. जळक्या तेलाचा वास दोन वळणं अलीकडेच आला होता. काकांनी केबिन उचलली. आबांनी टॉर्च माझ्या हातात दिली, हवेच्या होजची क्लिप सोडली आणि आत बोट फिरवलं. बोट तेलानं माखून निघालं. मग त्यांनी टर्बोच्या पंख्याच्या मधला नट चिमटीत धरून हलवला. तो खालीवर तर हलत होताच, आतबाहेरही सरकत होता. पंख्याच्या पात्यांची टोकं झिजून चकाकत होती, भोवतीच्या घरावर गोल ओरखडे उठले होते.

‘बाजूला किंचित हलला तर चालतं,’ आबा मला सांगत होते, जणू मी शिकायलाच आले होते. ‘तेलावर तरंगतो तो, गार असताना जरा ढिला लागणारच. पण आतबाहेर अजिबात हलायचा नाही. हा हललाय म्हणजे संपला.’

काका म्हणाले, ‘हळूहळू पहिल्या गिअरवर वर काढू का? वरचं आंबा गाव एवढंसंच ऱ्हायलंय.’ मलाही तेच वाटत होतं. आबा नाही म्हणाले. टर्बोचा एक पंखा धुराच्या वाटेत असतो, दुसरा हवेच्या. हवेकडच्या पंख्याचा तुकडा मोडला तर तो इंजिनाच्या दिशेनं जातो. आणि सील गेलेला टर्बो इंजिनाचं तेल एकतर धुरातून बाहेर फेकतो नाहीतर हवेतून इंजिनाला पाजतो. दोन किलोमीटरच्या हट्टापायी बोअर, पिस्टन, क्रँक सगळं घालवून बसलेल्या गाड्या आबांनी बघितल्या होत्या. रात्र आम्ही घाटातच काढली. सकाळी दुसरी गाडी बोलावली, तीनशे चिरे हातांनी तिच्यात चढवले, रिकामी गाडी साखळीनं ओढून वर आणली. हमाली, दुसरं भाडं, ओढायचं भाडं. वहीत त्या दिवसाचं पान भरून गेलं.

त्यानंतरची चूकही माझीच. सीझन संपत आला होता, पाच-सहा फेऱ्या अजून हाती होत्या. म्हणून जवळच्याच एका गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या माणसानं जुना टर्बो काढला, बाजारातून स्वस्तातला नवा आणून बसवला. दुपारपर्यंत काम झालंसुद्धा. मला त्याचा उरक फार आवडला.

गाडी चालू केली, चांगली लागली. त्यानं रेस दिली, आणि ती रेस खाली येईना. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिन आपसूक वर वर चाललेलं. आवाज इतका चढला की माझ्या छातीत धडधड सुरू झाली. अंगणभर पांढरा-निळा धूर. त्यानं स्टॉपर ओढला, काही उपयोग नाही. काका धावत केबिनमध्ये चढले, ब्रेकवर उभे राहिले, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. गाडी अंगभर हादरली आणि मेली. तिथं कोंबडीच्या पिलाचाही आवाज नव्हता मग.

हे का होतं ते सांगायला हवं, कारण याच्यात माणसं जखमी होतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबानं तापलेल्या हवेत जळण्याजोगं काहीही गेलं की ते जळतं. जुन्या टर्बोनं फेकलेलं तेल इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोकडून येणारी तापलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या, जाळ्यांत आणि पाइपांत साठून राहिलेलं असतं. नवा टर्बो जोरानं हवा ढकलायला लागला की ते सगळं इंजिनात जातं आणि इंजिन त्याच्यावर पळत सुटतं. स्टॉपरनं पंपाचं डिझेल बंद होतं, पण तेव्हा गाडी डिझेलवर चालतच नसते. तिची हवा तोडायची नाहीतर वरच्या गिअरमध्ये घालून तिला दाबून मारायची, एवढेच उपाय. गिअरचा उपाय केबिनमध्ये बसलेल्याच्या हातात असतो. हवा तोडायला जाणाऱ्यानं चुकूनही उघडा हात होजच्या तोंडावर ठेवू नये. म्हणून टर्बो बदलताना इंटरकूलर उतरवून, उलटा करून, धुऊन, वाळवून घ्यायचा असतो. त्या गॅरेजवाल्यानं तो नंतर धुतला. त्यातून तांब्याभर काळं तेल निघालं.

अकराव्या दिवशी नवा टर्बोही गेला. या वेळी सपाटीला. तीच शिट्टी, तोच भोंगा.

आबांनी मग आपल्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. आसपास लेथचे आवाज, ओतीव लोखंडाचा वास, दर दुसऱ्या दारात कुणीतरी काहीतरी कातत नाहीतर घासत असतं. मिस्त्रीमामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला तो टर्बोबद्दल नव्हताच. ‘पयला का गेला?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘पयला का गेला ते ठाऊक नसताना दुसरा बसवला व्हय?’

मामांनी टर्बोला हात लावायच्या आधी बाकी सगळं तपासलं. एअर फिल्टर काढून उजेडात धरला. होजना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. ‘टर्बो गेला म्हणून येतात आणि निघतो फाटका होज,’ ते म्हणाले. होज फाटला तरी गाडी ओढत नाही आणि धूर मारते. पण तो धूर काळा असतो, कारण डिझेल पुरेसं आणि हवा कमी. तेल जळतं तेव्हा धूर निळसर. हा फरक ओळखला तर हजाराच्या कामाला तीस हजार जात नाहीत. मग त्यांनी टर्बोतून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरकडे परत येणारा तेलाचा जाडा पाइप बघितला, तो कुठं दबला नव्हता. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर बघितला, तोही मोकळा. शेवटी त्यांनी टर्बोला तेल देणारा पाइप काढला. लोखंडी, बोटाहून बारीक. त्याचं तोंड डब्यात धरलं, स्टॉपर ओढून ठेवून इंजिनाला नुसता सेल्फ मारायला सांगितला. तेलाची धार यायला हवी होती. थेंब आले. एक, मग जरा वेळानं दुसरा.

मामांनी तो पाइप आरीनं मधून कापला आणि दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. आतून काळा थर बसला होता. दूध उतू जाऊन पातेल्याच्या कडेला करपतं तसा, पण दगडासारखा. मधून सुईएवढं भोक उरलेलं. पाइपाच्या तोंडाशी लाल गॅसकेटच्या लेपाचा एक तुकडाही अडकला होता. आधीच्या कामात वायसर न बदलता लेप लावला होता. टर्बोच्या तेलाच्या वाटेत लेप कधी लावायचा नसतो, तो सुटून आत जातो.

तेव्हा मामांनी जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. टर्बोच्या मधला दांडा करंगळीएवढा. एका टोकाला धुराचा पंखा, दुसऱ्या टोकाला हवेचा. इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे होतात तेव्हा या दांड्याचे लाखाच्या आसपास होतात. इतक्या वेगाला धातूवर धातू टिकत नाही. त्यामुळे दांडा त्याच्याभोवतीच्या बुशांना टेकतच नाही, तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगतो. घाट चढताना धुराकडची बाजू सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापलेली असते. तीच उष्णता वाहतं तेल घेऊन जात असतं. अशा वेळी इंजिन फटकन बंद केलं की तेलाचा पंपही थांबतो. पंख्यात साठलेली आग दांड्यातून आत सरकते आणि जागच्या जागी अडकलेलं तेल करपतं. रोज थोडं. वरून ऑइल जुनं असेल तर आणखी थोडं. दोन-तीन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली, तर धूर थंड होतो, पंखा संथ होतो, आणि वाहतं तेल आतली आग घेऊन जातं.

आंबा घाट चढून वर आलं की आंब्यात चहाला थांबायचं, ही रीत. म्हणजे गाडी सगळ्यात जास्त तापलेली असते त्या क्षणाला काका थांबत होते. आणि माझ्या सांगण्यावरून तिथंच, लगेच, इंजिन बंद करत होते. तीन वर्षं.

काका शेजारीच उभे होते. मामा त्यांच्याकडे बघून म्हणाले, ‘तुला म्हाईत न्हाई व्हय रं? इतकी वर्सं चालवतोस.’ काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, ‘चुकलं.’ एवढंच. माझं नाव घेतलं नाही. घाटात त्या रात्री, गॅरेजमध्ये, कुठंच घेतलं नव्हतं. मला तळहातावरचे ते दोन तुकडे एकदम जड वाटले. मी म्हटलं, ‘मामा, त्यांनी नाही. मी सांगितलं होतं. डिझेल वाचवायला.’

आबा स्टुलावर बसले होते. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ हातातला चहाचा कप फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘ही गाडी घेतली तवा मला तरी कुठं ठाऊक होतं? त्याच्या आधीची आपली गाडी बिनटर्बोची. उभी केली की बंद करायचो. पालीजवळ एका ढाब्यावर एक म्हातारा डायवर होता. मी गाडी बंद करून उतरलो तर तो ताटावरून उठून आला माझ्याकडं. म्हणला, लेका, पळून आलेल्या माणसाला लगेच झोपवतोस का?’ जरा थांबून म्हणाले, ‘मी तुला सांगायला पायजे होतं. मला वाटलं, तू बघत होतीस की लहानपणापास्नं.’

बघत होते. टायर ठोकताना, हात धुताना बघत होते. त्यामागचं कारण मात्र कधी विचारलं नव्हतं.

मामांनी आम्हाला तीन वाटा सांगितल्या. कंपनीचा नवा टर्बो, बाजारातला स्वस्त, किंवा आपल्याच पहिल्या टर्बोचं बाहेरचं घर चांगलं असेल तर मधला कोअर, म्हणजे दांडा, पंखे नि बुशांचा गाभा, बदलून, मशीनवर बॅलन्स करून घेणं. आमच्या टर्बोच्या घराला ओरखडे होते, त्यामुळे तिसरी वाट बंद झाली. स्वस्ताचा अनुभव घेतलेला होता. नवाच घेतला. नवा तेलाचा पाइप, तांब्याचे नवे वायसर, नवं ऑइल, दोन्ही फिल्टर. पैसे द्यायला मी आईची ठेव मोडली, ते तिला पुढच्या सीझनला परत करायचे आहेत.

बसवतानाचा एक भाग मला फार आवडला. मामांनी टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतलं आणि बोटानं पंखा हळूहळू फिरवला, दांड्याला सगळीकडून तेल लागेपर्यंत. मग पाइप जोडून, स्टॉपर ओढून, सेल्फ मारत राहिले. तेलाच्या दाबाच्या काट्यानं मान वर केली तेव्हा कुठं इंजिन चालू होऊ दिलं. तेही नुसतं. पाच मिनिटं कुणाला अॅक्सिलरेटरवर पाय ठेवू दिला नाही.

त्या दिवसांत मी या यंत्राबद्दल जमेल तेवढं वाचलं. धुरातून वाया जाणाऱ्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्यानं पेटंट घेतलं. ट्रकच्या इंजिनाला टर्बो पहिल्यांदा लागला तोही स्वित्झर्लंडमध्ये, झाउरर कंपनीत, १९३८ साली. डोंगराच्या देशात. मला त्याचं नवल वाटलं नाही. घाट चढणाऱ्यालाच हवेची किंमत कळते. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात वाडीवर पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तेवढी. दर लिटरमागे एक टँकरभर हवा त्या करंगळीएवढ्या दांड्यावरून आत जाते. मी वहीत डिझेलचा थेंब न् थेंब लिहीत होते. हवेचा रकाना नव्हता, आणि ती आत ढकलणारं तेल मी किरकोळ खर्चात टाकलं होतं.

आता २०२०नंतरच्या नव्या गाड्यांना जागोजागी सेन्सर असतात. दाब कमी झाला की दिवा लागतो, इंजिन स्वतःच जोर कमी करतं. ते चांगलंच आहे. आमच्या गाडीकडे फक्त आवाज आहे. शिट्टी चढते, बसते, खरखरते. ज्या आवाजावर मी लहानपणी गाडी ओळखायचे तोच आवाज आठ दिवस बदललेला होता, काकांनी फोनवर सांगितलंही होतं, आणि मी म्हटलं होतं, ‘सीझन झाला की बघू.’

पाऊस उघडल्यावर दिवाळीनंतर पहिली चिऱ्याची फेरी झाली. मी काकांबरोबर गेले. खाणीत भरताना मी चिरे मोजले, नेहमीपेक्षा थोडे कमीच घ्यायला लावले. साखरपा मागं पडला, घाट सुरू झाला. काकांनी गिअर खाली घेतला. पहिल्या दोन वळणांना फक्त इंजिनाचा घोगरा आवाज होता. मी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून बसले होते. तिसऱ्या चढाला ती आली. बारीक, सरळ, घरघरीच्या वर तरंगणारी. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण आरशातल्या त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

वर आंब्यात चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली. काका उतरले आणि टॉमी घेऊन टायर ठोकायला गेले. इंजिन चालू होतं. मी आबांना फोन लावला. ‘ऐका,’ म्हटलं आणि फोन खिडकीबाहेर धरला. परत कानाला लावला तेव्हा पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. मला वाटलं रेंज गेली.

मग आबा म्हणाले, ‘चिरं किती घेतलं?’